ज्याला माती दिली नाही ते गुलनोर

कुवा, ९ जून

प्रिय शाहलो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील. दोन वर्षांत सासूने एक ओळ लिहिली नाही आणि आता काय, असं म्हणाली असशील. म्हण. पण आधी झाडाची बातमी वाच. तुझं गुलनोर, ते नुसतं फुलणारं, फळ न धरणारं डाळिंब, जिवंत आहे. मरता मरता वाचलं, आणि मारायला निघाले होते मीच.

यंदा जानेवारीत जशी थंडी पडली तशी मी माझ्या अडुसष्ट वर्षांत पाहिली नव्हती. गॅस गेला, नळ फुटले. माझ्या लेकाने, इल्होमने, जुनी तुती तोडली आणि आम्ही एकाच खोलीत तिच्या लाकडांवर दिवस काढले. बागेतली डाळिंबं मात्र मातीखाली सुखरूप होती. ऑक्टोबरच्या शेवटी आपले म्हातारे माळी मामासोली-ओता दरवर्षीसारखे फावडं घेऊन आले होते. एकेक झाड वाकवलं, दोरीने बांधलं, वर चटई टाकून मातीचा ढीग केला. म्हातारा झाडांशी बोलतो, तुला ठाऊकच आहे. ‘झोप आता, नवरोजला उठवतो.’ सगळी निजवून झाल्यावर भिंतीकडच्या तुझ्या झाडापाशी थांबले. ‘मुअल्लिमा, आणि हे?’ त्यांच्यासाठी मी अजून शाळेतली बाईच. मी म्हटलं, ‘फळ देत नाही, त्याला माती कशाला?’ ओता फावडं खांद्यावर टाकून निघाले, उरलेली दोरी मात्र झाडाच्या बुंध्याशी ठेवून गेले. हेच वाक्य मी आधी कुठेतरी बोलले आहे, असं मला वाटलं. कुठे, ते आठवायची माझी तयारी नव्हती.

मार्चअखेर ढीग उकरले तेव्हा बाकीची झाडं आळोखेपिळोखे देत उठली. तुझं झाड करड्या काटक्यांसारखं उभं होतं. नखाने साल खरवडली तर आत तपकिरी. खालची फांदी खरवडली, तीही तपकिरी. जमिनीपर्यंत तसंच. ओता म्हणाले, ‘उपटून देऊ? तंदूरला झकास जळण होईल.’ मी हो म्हणणारच होते. पण फरगान्याच्या कॉलेजात चार वर्षं वनस्पतिशास्त्र शिकले ते काय डिप्लोमा भिंतीवर टांगायला? गुडघे टेकले आणि बोटांनी माती उकरली. चार बोटं खाली, मुळाच्या खांद्याशी, सालीखाली एक हिरवी रेघ होती. सुईत ओवावी एवढीच. त्या क्षणी मला काय झालं ते लिहिता येत नाही. ‘ओता, करवत आणा,’ एवढंच म्हटलं.

मेलेलं सगळं मी स्वतः जमिनीलगत कापलं. कुजलेलं शेणखत घातलं, पाणी बेतानेच दिलं. एप्रिलमध्ये पुन्हा दव गोठायला लागलं तेव्हा माझा कापूस भरलेला झगा रोज संध्याकाळी त्या जागेवर पांघरून येई. शेजारची तोजीखोन भिंतीवरून ओरडली, ‘अगं मुअल्लिमा, आम्हा म्हाताऱ्यांना झगा नाही आणि तू मातीला पांघरतेस!’ ओता तर म्हणाले, ‘मेलेल्याला चहा पाजताय तुम्ही.’ पाजू द्या, म्हटलं.

मग नुसती वाट पाहणं. तुला माहीत आहे, ते मला जमत नाही. जर्दाळूची फुलं झडून पाटाच्या पाण्यावरून वाहत गेली, त्यांच्यामागे सफरचंदाची गेली, आणि मी खाटेवर बसून एका उघड्या जमिनीकडे बघत राहिले. पहाटे अर्धवट झोपेत मला अंगणात झाडूचा आवाज येई. मग पाणी शिंपडल्याचा, मग ओल्या मातीचा वास. आता तू उंबऱ्याशी वाकून सलाम करशील म्हणून मी उशीवरून मान उचले. अंगण कोरडं असे. तीन दिवस मी इल्होमला विचारलं, ‘अंगण कोणी झाडलं?’ तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘कोणी नाही, ओयी. वारा असेल.’ आणि तोंड फिरवून गेला.

सतरा मेला माती तडकली. दुसऱ्या दिवशी तिथे लाल टोक होतं, मुंगीएवढं. आज पाच कोंब आहेत, वीतभर उंच, पानं अजून तांबूस. तुझ्या वडिलांनी फांदी लावून केलेलं रोप ते, कलम नव्हे. म्हणजे मुळातून येईल ते तेच. यंदा फूल येणार नाही, कदाचित पुढच्या वर्षीही नाही. मला घाई नाही. हे वाक्य मी सहा वर्षं तुला कधी म्हटलं नाही.

ते आधीचं कुठे बोलले होते, तेही आता आठवलं. आपल्या अंगणात बायकांची बैठक होती. गुलनोर नखशिखांत लाल झालं होतं. तोजीखोन त्याचं कौतुक करत होती आणि मी म्हटलं, ‘फुलं ढीगभर, फळ एक नाही. असल्या झाडाला दर हिवाळ्यात माती कशाला द्यायची?’ झाडाकडे कोणीच पाहिलं नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू चहा ओतत होतीस. सहा वर्षं तू मला अर्धा पियाला दिलास, बसा अजून, पुन्हा ओतते, असं सांगणारा. त्या दिवशी तू तो काठोकाठ भरलास आणि दोन्ही हातांनी, मान लववून, माझ्यापुढे धरलास. माझ्याच अंगणात तू मला ऊठ म्हणालीस. मी तो गरम चहा बोटांवर सांडत प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माहेरी मर्गिलानला निघून गेलीस, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की सून उद्धट निघाली.

रागावून गेलेल्या सुनेला आणायला सासूने नान घेऊन तिच्या दारी जायचं असतं. मी गेले नाही. मी गेले नाही म्हणून इल्होमला जाता आलं नाही. काल त्याला विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, ‘तुम्ही विचाराल म्हणून दोन वर्षं थांबलोय, ओयी.’ म्हणून हे पत्र. गुरुवारी सकाळच्या बसने येते, एकटी, दोन नान घेऊन. एकच मागते: चहा तू ओत, तुझ्या आईला ओतू देऊ नकोस. अर्धा दिलास तर बसेन आणि तू बोलशील ते सगळं ऐकेन. काठोकाठ दिलास तर शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन उठेन आणि तुला दोष देणार नाही. तू ये किंवा येऊ नकोस, ऑक्टोबरमध्ये सर्वांत आधी तुझंच झाड निजवणार आहे. दोरी ओतांनी ठेवली होती तीच आहे.

तुझीच,
मस्तूरा-ओयी