नव्वदच्या आत

वन्संना साष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देत असतील, अशी आशा आहे. रोज दिवा लावताना मी आधी तुमचे गुडघे आणि मग तुमच्या भावाचं पोट देवापुढे ठेवते. गुडघ्यांचं त्याने ऐकलेलं दिसतं. पोटाचा अर्ज अजून टेबलावरच पडून असावा.

तुम्हाला ठाऊक आहेच, महिन्यापूर्वी कंपनीच्या डॉक्टरांनी ह्यांना काट्यावर उभं केलं. काटा चौऱ्याण्णववर गेला आणि डॉक्टरांनी बजावलं, दोन महिन्यांत नव्वदच्या आत या, नाहीतर क्रेनची शिडी विसरा आणि खाली स्टोअरमध्ये गोण्या मोजत बसा. अठरा वर्षं आकाशात बसून लोखंड उचलणारा माणूस! घरी आले ते उशीत तोंड खुपसून पडले. (जेवायला मात्र हाक मारायच्या आधीच उठले.) तेव्हा तुम्हीच फोनवर म्हणालात, बायकोच्या हाताला चव असेल तर कमी कॅलरीतही पोट भरतं. ‘चव असेल तर’ हे शब्द मी विसरलेले नाही.

मी पदर खोचला. कांदा तेलाऐवजी पाण्याच्या शिपक्यावर परतला, बारीक चिरलेला कोबी भातात मिसळला म्हणजे ताट भरलेलं दिसतं, मसूर दाट शिजवून वर लिंबू पिळलं, फ्लॉवर दही-मिरपूड चोळून झाकणाखाली खरपूस केला. खरं सांगते, फ्लॉवर असा झाला होता की निम्मा मीच उभ्या उभ्या संपवला. ह्यांनी काय म्हणावं? “छान आहे. पण जेवण कधी आहे?”

पुढची चूक माझी. डॉक्टरांनी दिवसाला सोळाशे कॅलरी मंजूर केल्या होत्या. मला वही ठेवायची सवय (मॅट्रिकला गणितात ब्याऐंशी मार्क होते, ह्या घरात कुणी विचारलं नाही म्हणून सांगते). त्याच शिस्तीत मी रोजच्या कॅलरी मांडल्या आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर ‘मागील शिल्लक’ म्हणून ओढल्या. अन्नाप्रमाणे कॅलरीही वाया जाऊ नयेत, एवढाच हेतू. शनिवारी ह्यांनी चष्मा लावून वही वाचली. लग्नानंतर पहिल्यांदाच!

“अगं, माझ्या एकवीसशे शिल्लक आहेत की! हे अक्षर तुझंच ना?”

अक्षर माझंच, तेही देवापुढच्या दिव्याशी बसून लिहिलेलं. नाही कसं म्हणू? अर्ध्या तासात बेकरीतून अख्खा चॉकलेट केक आला. वही मांडीवर उघडी ठेवून, तुकड्यागणिक वजाबाकी करत ह्यांनी तो संपवला आणि वर मलाच म्हणाले, “बघ, साठ उरवल्या.”

तेव्हापासून रोजचं खातं रोज बंद. तरी परवा काटा पंच्याण्णव! मी दहा किलो तांदळाची पिशवी ठेवून पाहिली; काटा खरा निघाला. सोळाशेत माणूस वाढतो कसा, हे गणितात बसत नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना जपा.

तुमची,
हातात चव शोधणारी भावजय

ता. क. – उत्तर सापडलंय, म्हणूनच हे पत्र. कामावरून येताना हे रोज तासभर तुमच्याकडे थांबतात, गुडघ्यांना तेल चोळायला म्हणे. वन्सं, तेल चोळणाऱ्याच्या हातांना तेलाचा वास यावा, मिशीला तळलेल्या बटाट्याचा नव्हे. देऊ नका, असं मी म्हणणार नाही. भाऊ दारात दिसला की तुमचा हात झाऱ्याकडे जातो. विनंती एवढीच, उद्यापासून सकाळी मी एक डबा पोचवीन. संध्याकाळी तो तुमच्याकडच्या ताटात ह्यांना वाढा आणि तुमच्या हातचं म्हणून सांगा. माझ्या फ्लॉवरला जेवण न मानणारा माणूस तिथे तोच दोनदा मागून घेईल. (खोट्याचं पाप माझ्याकडे. देवाशी बोलून ठेवलंय.)

आणखी एक – हे सगळं ह्यांच्या क्रेनच्या मानासाठी चाललंय, असं लोकांना वाटलं तर वाटू द्या. स्टोअरमध्ये पगार तेवढाच आहे, पण पाळी दुपारी एकला सुटते. म्हणजे एकपासून रात्रीपर्यंत रोज हे माझ्या स्वयंपाकघरात, झाकणं उचलून बघत. वन्सं, वजन उतरलंच पाहिजे.