शेवटच्या बाकापर्यंत

पेण, बुधवार, दिवेलागण

आज शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. माझी नऊ वर्षांची मुक्ता बोलायला उभी राहिली आणि शेवटच्या बाकावरून पोरं ओरडली, "ऐकू येत नाय!" घरी येऊन तिनेच सांगितलं, न रडता. बाई म्हणाल्या म्हणे, "आई रोह्याच्या चौकात माईकशिवाय बोलते, आणि तुझा आवाज कुठे गेला गो?"

कुठे गेला? मीच घालवला. बाळ झाल्यापासून तीन महिने या घरात एकच वाक्य चाललंय, "हळू, बाळ उठेल." भाषणही तिने पाळण्याशेजारी बसून पुटपुटत पाठ केलं. मी तिथेच आडवी पडलेली असायचे, पण खटकलं नाही. झोप नसली की माणूस आपली तत्त्वंही विसरतो का? सभांमधून मुलींना बजावत आले, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. आणि घरात?

मघाशी म्हटलं, "म्हण आता, मोठ्याने." तिने आधी पाळण्याकडे पाहिलं. मग दोन वाक्यं अगदी खणखणीत आली. बाळ दचकून रडू लागलं.

"रडू दे त्याला. तू बोल."

पण माझं वाक्य संपायच्या आत तिने पाळण्याची दोरी धरली होती.