मान खाली घालून वीस किलोमीटर

शुक्रवार, २ जानेवारी २०२६
अठराला टाइम ट्रायल. पळसदरी फाटा ते लौजी आणि परत, वीस किलोमीटर. एकेक मिनिटाने एकेकाला सोडतात. झुंज फक्त घड्याळाशी. गेल्या वर्षी ४४ मिनिटं २० सेकंद. यंदा चाळीसच्या आत. पाय तेच, त्यामुळे सगळी बचत हवेतून करायची. सायकलपेक्षा वर बसलेला माणूसच वारा जास्त अडवतो, असं वाचलं. म्हणजे दोष माझा. पण बसण्याच्या पद्धतीचा. पोटाचा नाही.

रविवार, ४ जानेवारी
सदू भिवपुरीहून आला. कंपनीत फिटर, शिवाय शेती, शिवाय माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तोही उतरतोय, पुतण्याच्या जुन्या सायकलवर. त्याने माझ्या हँडलवर एरोबार बसवले: पुढे दोन दांडे, त्यावर कोपरं टेकायची. पॅड टोचत होते म्हणून माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीचा फोम कापून लावला. गिऱ्हाईक बसतं तरी किती वेळ?
दोन तास राबला. तुझ्या सायकललाही लावू म्हटलं, तर म्हणाला, "मला कशाला रं? मी हाय तसा बरा हाय."
चहा विचारायचा राहिला. पुढच्या वेळी जेवायलाच बोलावीन.

गुरुवार, ८ जानेवारी. सकाळी ६.४०
बायकोला, नूरबानोला, बाजूने फोटो काढायला लावला. पाठ ताटासारखी सपाट हवी. फोटोत टोपासारखी आली. तिचा मोबाइल जुना आहे. "नमाजात गुडघे दुखतात म्हणता, इथे बरे वाकता," म्हणाली. या आठवड्यात पहाटेची फजर तीनदा चुकली. अठरानंतर सगळ्या भरून काढीन.

सोमवार, १२ जानेवारी
हेल्मेट आलं. मागे निमुळतं शेपूट, कान झाकलेले. नूरबानोला सांगितलं, मित्राचं आहे. तसं खोटं नाही. विकणाऱ्याशी फोनवर चांगली ओळख झाली होती.
हँडल आणखी दोन सेंटिमीटर खाली घेतलं. मान दुखते. पण मान खाली ठेवली की समोरचा दोन मीटर रस्ता सोडून काही दिसत नाही. मन एकाग्र होतं.

शनिवार, १७ जानेवारी
पायांचे केस काढले की काही सेकंद वाचतात. नूरबानो बाथरूमचं दार वाजवत राहिली, म्हणून एकच पाय झाला. डावा. वारा बहुतेक डावीकडूनच असतो.

रविवार, १८ जानेवारी. दुपारी १२
४५ मिनिटं २ सेकंद. कारणं: वारा. केळवलीजवळ म्हशी. हेल्मेटात घाम. हे सगळं वजा केलं तर साधारण एक्केचाळीस.
केळवलीच्या पुढे मोरीपाशी खडी पसरलेली. तिथे सदू घसरला म्हणे. माझ्या एक मिनिट आधी सुटला होता. मला कळलंच नाही. मान खाली, कान बंद.
परतताना एकाने मला मागे टाकलं. कोण ते पाहिलं नाही. बाही फाटलेली होती एवढं दिसलं.
सदू, पडून उठून: ४३ मिनिटं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
नूरबानोने विचारलं, सदूभाऊ पडले तेव्हा तुम्ही कुठे होता? मागे होतो म्हटलं. म्हणाली, "मागे म्हणजे त्याच रस्त्याने आलात ना?" मी हेल्मेट पुसायला घेतलं.

सोमवार, १९ जानेवारी
दिवसभर गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. सगळ्यात खालची ओळ मला चष्म्याशिवाय वाचता येते.
लिहूनच टाकतो. दिसला. आधी सायकल दिसली, आडवी, चाक अजून फिरत होतं. मग तो, गवतात, कोपर धरून. "रज्जाक" म्हणाला. कान झाकले तरी ऐकू येतं. माझा हात ब्रेकवर गेला, दाबलाही. मग वाटलं, बसलाय म्हणजे बरा आहे. थांबलो तर चाळीस मिनिटं गेली. मान आणखी खाली घातली. पंधरा दिवसांच्या सरावात इतकी खाली कधी गेली नव्हती.

मंगळवार, २० जानेवारी
कबूल करायचं ठरवून भिवपुरीला गेलो. सायकलनेच. वाटेभर वाक्य पाठ करत होतो. सदू ओटीवर बसलेला, कोपराला मोठी पट्टी, हात वर होत नव्हता. त्याला बघितलं आणि तोंडातून भलतंच आलं. "त्या हेल्मेटात काही ऐकूच येत नाही रे."
"आसंल," म्हणाला.
अंबाबाई, त्याची बायको, चहा ठेवून आत गेली. सदू बराच वेळ माझ्या सायकलकडे बघत होता.
"तुजा मागला ब्रेक लय किंचाळतो रं. मोरीपाशी दाबलास तवा आयकला मी. आन इकडं, नीट करून देतो."
"सदू, मी..."
"च्या घे. निवल."
एका हाताने केलं त्याने सगळं. मी पान्हा देत गेलो. ब्रेकचे पॅड घासले, स्क्रू आवळले, चाक फिरवून दाखवलं.
घरी येईपर्यंत चार वेळा ब्रेक दाबून बघितला. अजिबात वाजत नाही.