एकदाच वाजेल अशी कॅसेट

मी चुंग वेन-खुइ, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मेइनोंग, देवळामागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. हात कापतो, म्हणून अक्षर असं. लान, लिहायला फार उशीर केला, त्याची आधी माफी मागतो. शाळा सहावीपर्यंतच झाली. कायद्याची भाषा चुकली असेल तर अर्थ पाहावा.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी चुंग यू-लान, राहणार तायचुंग, हिला मिळावी. मागच्या खोलीची कडी नीट लागत नाही. ती दोनदा तपासावी.

२. जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायच्या माझ्या दुकानातले दोन्ही कॅसेट डेक आणि संगणक शेजारी फान आह-चिन यांना. त्यांनी माझा बारीक पेचकस अकरा वर्षांपूर्वी नेला, तोही आता त्यांचाच समजावा. शेवयांच्या टपरीत डेकचा काय उपयोग, मला ठाऊक नाही, पण रोज चौकशी करणारे तेवढेच आहेत.

३. कपाटातल्या गिऱ्हाइकांच्या कॅसेटी ज्याच्या त्याला परत द्याव्यात. एकही फेकू नये. मी स्वतः फेकल्या आहेत, म्हणून सांगतो.

४. माझी पत्नी लिउ च्युन-मेइ स्वयंपाक करताना डोंगरातली गाणी म्हणायची, मी टेप करायचो. तेवीस कॅसेटी झाल्या. ती गेल्यावर मी त्या सीडीवर घेतल्या, पुढे त्यांच्या फाइली केल्या. या धंद्यात गिऱ्हाईक एकच मागतं, आवाज स्वच्छ पाहिजे. मी खरखर काढली, दोन गाण्यांमधलं सगळं कापलं आणि कॅसेटी भंगारात दिल्या. तेवीस कॅसेटी बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावल्या, म्हणून तो गल्लीभर दाखवत फिरलो.

थडगं साफ करायच्या सणाला लान आली. तिने सगळी गाणी ऐकली.

"बाबा, आई मला हाक मारायची, ती कुठे आहे?"

"कुठली हाक?"

"गाणं संपलं की म्हणायची ना, 'लान, झाकण उघडू नको गं, भाजशील.' प्रत्येक कॅसेटवर होतं."

"ते गाणं नव्हतं," मी म्हणालो. "ते मध्ये मध्ये येत होतं."

तिने चहाचा पेला खाली ठेवला. "मध्ये मीच येत होते, बाबा."

त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर ती आलेली नाही.

५. गेल्या महिन्यात फान यांनी जुना ट्रक मोडीत काढला. त्याच्या खणात एक कॅसेट सापडली, वर माझं अक्षर: च्युन-मेइ, सात. कधीकाळी मीच सातव्या कॅसेटची नक्कल करून त्यांना ऐकायला दिली होती.

"घ्या तुमची बायको," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझ्या ट्रकमधून हिंडत होती, गावात बोलू नका." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी शेवयांची वाटी पुढे सरकवली.

टेपला बुरशी धरली आहे, वरचा थर सुटतो आहे. माझ्या अंदाजाने ती एकदाच वाजेल. मी वाजवलेली नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे. रोज उघडून पाहतो, मग उघडल्यानेच दमट हवा लागेल असं वाटून बंद करतो.

ही कॅसेट यू-लानची. ती समोर बसल्याशिवाय कोणी वाजवू नये. त्याच वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत फाइल करून घ्यावी. काही कापू नये, भांड्यांचा आवाजसुद्धा. मध्ये कुठे माझा आवाज आला, तर तेवढा कापायची तिला मुभा आहे.

६. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. पण मे महिन्यात पाऊस लागला की टेप टिकणार नाही. म्हणून याची एक प्रत आजच टपालाने तायचुंगला पाठवत आहे. कलम पाच मी जिवंत असतानाच लागू समजावं.

ठिकाण: मेइनोंग
तारीख: १६ एप्रिल २०१९
सही: चुंग वेन-खुइ

साक्षीदार: सुंग रुइ-हो, औषधांचे दुकान
साक्षीदार: वू चिंग-शुई, देवळाचे राखणदार
(फान यांना डेक मिळणार असल्यामुळे त्यांची सही चालत नाही. त्यांना वाईट वाटलं.)

सहीखाली जागा उरली म्हणून लिहितो. लान, डेकचं हेड पुसून ठेवलं आहे. तू आलीस की बटण तूच दाब, माझ्या हाताचा भरवसा नाही. माझ्यासमोर ऐकायची नसेल, तर मी टपरीवर जाऊन बसेन. येणार की नाही, एवढं लवकर कळव.