मुळातले पाव्हने

प्रिय आत्याबाई,

सासू गेल्यावर सुनेनं चिठ्ठी लिहिलेली कुठं आयकली हाय का? पन आज तुमच्या लेकीचा, सरलाचा, आसिफाबादहून फोन आला आन् मले राहवलं नाही. म्हने, "वयनी, सोयाबीन पिवळं पडलं. हे मोडतो म्हनतात."

मले हसूच आलं! आपली नाल्याकाठची पट्टी आठवली.

त्या पावसाळ्यात जिल्ह्याचे चार तुकडे होनार म्हनून आपल्या जैनथ गावात नुसता गलका. तुमाले एकच घोर, सरलाचं गाव परजिल्ह्यात गेलं त ते माहेरी येईन कशी? बस काही बंद होत नाही, हे मी किती समजावलं तुमाले!

त्याच साली तुमच्या पट्टीत पहिल्यांदा सोयाबीन घेतलं. गुळाच्या पान्यात जिवानूची काळी भुकटी कालवून मी बियाले चोळली, चादरीवर सावलीत पसरली. तुमी चादर उन्हात ओढली! घरातला दाना उन्हातच वाळला पाह्यजे, हा तुमचा कायदा. उन्हानं जिवानू मरतात म्हनून मी सावलीत ओढू, तुमी उन्हात. काऊन एवढ्या हट्टी होत्या तुमी?

मंग पीक पिवळं पडलं. मोडून ज्वारी पेरतो म्हनून मामाजीनं वखर जुंपला. तुमी वावराच्या कडेले धुऱ्यावर बसून होत्या.

"माह्या उन्हानं मेले का व ते?"

तुमचं तोंड पाहून मलेच रडू आलं. मी एक झाड अलगद उपटलं. मुळाले बारीक बारीक गाठी! तुमी म्हनल्या, उवा झाल्या. मी नखानं एक फोडली, आत गुलाबी. जिते हायेत म्हटलं, आत्ता कुठं कामाले लागले, हवेतलं खत झाडाले चारतात हे.

तुमी उठल्या आन् थेट बैलायपुढं मांडी घालून बसल्या. मामाजी केवढे तापले! तुमी हालल्या नाही. पंधरवड्यात पट्टी हिरवीगार, आन् तुमी रस्त्यानं जानाऱ्याले बोलावून मुळं दाखवत सुटल्या, "हे माहे पाव्हने."

दसऱ्याले जिल्हा तुटला. सरला सोयाबीन कापाले, सोंगनीले आलीच होती, बसनं.

आजही तिले म्हटलं, झाड उपट, नखानं गाठ फोडून पाह्य. दुपारी जावयाचाच फोन. गाठ गुलाबी निंगाली म्हने, आन् तुमची लेक बैलायपुढं मांडी घालून बसली, उठतच नाही! किती हसलो आमी दोघं. तुमी पाह्यजे होत्या, आत्याबाई. लय पाह्यजे होत्या.

पुढच्या पेरनीले तुमच्या पट्टीतली टोपलीभर माती मी तिच्या वावरात नेऊन टाकीन, हा माहा शब्द. पाव्हने लेकीकडं जातीन. बस अजून चालते.

तुमची,
चादर सावलीत ओढनारी,
रेखा