चादरीवरचा बोधिवृक्ष

सिंगापूर, मंगळवार

ती. दीनानाथमामांना बाळूचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा, मामींचं बीपी आणि स्कूटरचा ब्रेक, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा करतो. मी बरा आहे. म्हणजे ताप नाही. (उल्काताईने कॉम्प्युटरला पासवर्ड घातलाय, म्हणून ई-मेलऐवजी हे पत्र. का घातलाय ते खाली येतंच.)

तुम्हाला वाटत असेल, पोरगा कॉलेज अर्धवट सोडून बहिणीच्या घरी एसीत लोळतोय. साफ चूक. मी इथे कलाशिक्षक झालो! ताईच्या काँडोखाली (म्हणजे राहत्या इमारतीखाली) एक हॉल आहे. तिथे दर रविवारी आपल्या लोकांची बारकी पोरं जमतात आणि मधुवंती त्यांच्याकडून कागदी बशांचे हत्ती, बटाट्याचे ठसे असलं काहीबाही करून घेते. मधुवंती म्हणजे इथे पीएच.डी. करणारी मुलगी. (जास्त लिहीत नाही, पत्र मामीही वाचतात.) पहिल्याच रविवारी तिने मला भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून कागदावर दाबायला लावली. फूल उमटलं, मामा! जन्मभर भेंडी खाल्ली, तिच्यात फूल आहे हे घरात कुणी सांगितलं नाही. मी तिथेच संपलो.

तर बुद्धपौर्णिमेसाठी ठरलं की पांढऱ्या चादरीवर बोधिवृक्ष करायचा. खोडाला मोठ्यांचे हात, पानांना पोरांचे पंजे. तेवढ्यात मुकुल नावाचा डॉक्टर (नोव्हेना भागात दवाखाना आहे, केस चापून बसवतो) म्हणाला, दुकानातून धुतला जाणारा रंग आणू. माझं डोकंच फिरलं. पोरं हात तोंडात घालतात, त्यांना दुकानातला रंग चाटवायचा? हातात बटाटा होता, फेकला नाही एवढंच. म्हटलं, रंग मी करणार, स्वयंपाकघरातला. ताईचा हळदीचा डबा रिकामा केला, कणकेच्या खळीत कालवला. झाड झकास झालं! (पिवळं झालं, पण पानगळ म्हणून खपलं.) हात ओल्या फडक्याने पुसले आणि पोरं घरी गेली.

सोमवारी सकाळी पाळणाघरात साथीच्या भीतीने हात-तोंड तपासतात. पिवळे पंजे बघून बाई म्हणाल्या, कावीळ. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी साबण लावला. मामा, हळदीला साबण लागला की काय होतं ते आपल्याकडे कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा. सगळ्या पोरांचे हात लालभडक! कावीळ मागे पडली, साथ आली. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसांतून आया-बाप मीटिंगा टाकून धावले. प्रसन्नभावजी तर टॅक्सीत रडले म्हणे. त्यांची मेधा मात्र शांत. "बाळूमामा paint lah," असं ती इथल्या ढंगात सगळ्यांना सांगत होती, पण चार वर्षांच्या पोरीचं ऐकतो कोण?

शेवटी सगळी वरात मुकुलच्या दवाखान्यात. त्याने हातांवर लिंबू पिळलं, हात पुन्हा पिवळे! टाळ्या पडल्या. मधुवंतीने मला बाजूला घेतलं.

"तू केमिकल इंजिनिअरिंगला होतास ना रे?"

"सोडलं. सेकंड इयरला."

"ते आधी पुरं कर. मग माझ्या पोरांना हात लाव."

मामा, "माझ्या पोरांना" म्हणाली! याचा अर्थ तुम्हाला कळला असेलच. ती थांबायला तयार आहे.

मामींना जयभीम.

तुमचा लाडका (आशा आहे),
बाळू

ता.क. ताईने त्याच रात्री कॉम्प्युटरला पासवर्ड घातला आणि माझं परतीचं तिकीट काढलंय. प्राचार्यांच्या टेबलावर मी काय आपटलं ते विसरून परत घेतील का, एवढं तुम्ही जाऊन विचारा. बाबांशीही तुम्हीच बोला. मी बोललो की आवाज चढतो, दोघांचाही.

ता.क. २ सोबत चादर पाठवतोय. आईला मुलगी दाखवायला फोटो नाही, पण खोडाशी उजवीकडचा मोठा पंजा मधुवंतीचा आहे. मामींना सांगा, साबण अजिबात लावू नका.

ता.क. ३ पार्सल बांधताना मेधा म्हणाली, तो पंजा पप्पांचा आहे. मधुवंतीने हात बुडवलाच नव्हता. चादर बिनधास्त साबणाने धुवा. कॉलेजचं मात्र विचाराच.