नवीन मॉडेल येईपर्यंत

भागवतराव,

होणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे तुम्हाला, मामा म्हणायची सवय कर, असं आई सांगते. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून तसं लिहितही नाही.

साखरपुड्यात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरगी ज्या कंपनीत हाय, तिथलं नवीन मॉडेल आधी दारात उभं करा, मग लग्नाची तारीख धरू." आप्पा मान खाली घालून हो म्हणाले. तुमचा रविराज मोबाईल बघत होता.

त्या गाडीचं वायरिंग मीच जोडते. आमच्या लाईनवरच्या अकरा पोरींना काढून टाकलं, म्हणून वीस दिवस आम्ही सुप्याला कंपनीच्या गेटवर संपाला बसलोय. दसऱ्याला येणारी गाडी आता दिवाळीनंतरही नक्की नाही. काल तुम्ही मिरजगावहून आप्पांना फोन केलात, "तिला म्हणावं, मुकाट कामावर जा. आमची गाडी तिच्यापायी लांबली." उन्हात बसलेली पोर जेवली का, हे नाही विचारलंत.

आज संप मिटवायचा की चालू ठेवायचा, यावर गेटवर हात वर करायला लावले. चालू ठेवायला पहिला हात माझा गेला. त्या अकरा जणींसाठी गेला, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

तुमची अजून कोणीच नसलेली,
दिशा